मुतखड्याची शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकांचा विवेक

सोलापूरचा उन्हाळा आणि मुतखडा यांचे नाते जुने आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो, अंगातील पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी दाट होते. दाट लघवीत क्षार साचून खडे बनतात. चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी गिऱ्हाईक सोडून पाण्यासाठी उठत नाही. घरी चौविहार पाळला जात असेल तर सूर्यास्तानंतर पाण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून नियम सोडावा असे नव्हे. दिवसाउजेडी पाण्याची भरपाई मात्र जाणीवपूर्वक करावी लागते.

खडा झालाच, तर आता पूर्वीसारखी मोठी चीर बहुधा घ्यावी लागत नाही. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीतील लहान छिद्रावाटे मूत्रपिंडातील खडा काढण्याची पद्धत वर्णिली गेली. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून रुग्णाचा खडा प्रथमच फोडण्यात आला. मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेसरने खड्याचा चुरा करणे ही तिसरी पद्धत. रुग्ण लवकर घरी येतो. पण अनेकदा औषधांच्या पिशवीत प्रतिजैविकांच्या पाच-सात दिवसांच्या गोळ्याही असतात. त्या खरोखर लागतात का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

चीर लहान, म्हणून धोकाही लहान, असे समीकरण येथे जुळत नाही. काही खड्यांच्या आतच जंतू दडलेले असतात. खडा फुटला की ते मोकळे होतात आणि दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या दाबाने रक्तात शिरू शकतात. त्यातून उद्भवणारा रक्तदोष जीवघेणा ठरू शकतो. म्हणून प्रतिजैविक मुळीच नको, असे म्हणणे धाडसाचे होईल.

मात्र किती, याचे उत्तर युरोप व अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी दिले आहे. लघवी जंतुरहित असेल आणि अन्य जोखीम नसेल, तर बाहेरून लहरींनी खडा फोडताना प्रतिबंधक प्रतिजैविकाची सरसकट गरज नाही. दुर्बिणीच्या किंवा पाठीतून करण्याच्या शस्त्रक्रियेत ते द्यावे. परंतु सर्वसाधारण रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे तासाभरात दिलेली एक मात्रा बहुधा पुरते. जंतूंचा प्रवेश होण्याच्या क्षणी औषध रक्तात हजर असणे महत्त्वाचे. घटना घडून गेल्यावर पुढे अनेक दिवस पहारा ठेवल्याने संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही.

लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू आढळले, तर हिशेब बदलतो. तेव्हा त्या जंतूवर लागू पडणारे औषध आधी द्यावे लागते. तो प्रतिबंध नव्हे, उपचार होय. मधुमेह, आधीपासून बसवलेली नळी किंवा संसर्गातून बनलेला खडा असेल, तरीही डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

अनावश्यक गोळ्यांची किंमत केवळ औषधाच्या बिलात दिसत नाही. त्यांच्यामुळे दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू उरतात, आणि पुढच्या खऱ्या आजारात तेच औषध निष्प्रभ ठरते. हे कर्ज एकाने काढावे आणि फेड साऱ्या घराने, साऱ्या गावाने करावी, असा हा व्यवहार आहे. मार्च २०१४ पासून काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सरकारने औषधांच्या पट्टीवरील लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावण्याची मोहीम हाती घेतली: चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये.

कुटुंबाने करावयाचे काम सोपे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी कल्चरचा अहवाल आला का, हे विचारावे. औषध प्रतिबंधासाठी आहे की उपचारासाठी, आणि ते कधी थांबवायचे, हे स्पष्ट करून घ्यावे. लिहून दिलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

व्यापारी माणूस प्रत्येक खर्चाचे कारण विचारतो. औषधाच्या बाबतीतही तीच सवय हितकारक आहे.