बिऱ्हाड पणजीस हलवितांना

चिंचवडास आमच्या घरचें घड्याळ वीस वर्षें चाकणच्या कारखान्याच्या पाळ्यांवर चाललें. शेवटीं आम्हीं नोकरी सोडली आणि बिऱ्हाड पणजीस हलविलें. प्रश्न आईचा होता. पवनाकांठच्या मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घेतल्यावांचून तिचा संकष्टीचा उपास सुटत नसे. ती निघाली, पण वाटेंत एक शब्द बोलली नाहीं.

१८४३ पासून गोव्याची राजधानी असलेलें हें मांडवीकांठचें शहर. पुण्यास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस. येथें त्याच्या चौपट! आषाढांतच कपाटांतल्या पोथ्यांस बुरशी धरली. येणाऱ्यांनीं पुस्तकें भिंतीस टेकवून ठेवूं नयेत. दुपारीं एक वाजला कीं बरींच दुकानें बंद. ह्या वृत्तीस लोक 'सुशेगाद' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, अर्थ निवांत. आम्हांस प्रथम हा निव्वळ आळस वाटला. परंतु संध्याकाळीं तोच दुकानदार दिवे लागल्यावरहि हंसतमुखानें उभा!

आई आमच्याआधीं रुळली. शेजारच्या बाईंची कोंकणी तिला समजूं लागली. संकष्टीला ती त्यांच्यासमवेत महालक्ष्मीच्या देवळांत जाऊन येते, आणि दुपारीं स्वस्थ निजते. आम्ही मात्र अजून अडीच वाजतां दचकून उठतों. दुसऱ्या पाळीची बस चुकली असें वाटतें.