अमोनियाची जोडी कोणाशी जमते?

छाणीच्या लोकांना अमोनिया हे नाव काही नवीन नाही. शेजारच्या फर्टिलायझरनगरात जीएसएफसीचा खत कारखाना १९६७ पासून चालू आहे, आणि युरिया बनतो तो अमोनियापासूनच. पण आज बोलायचंय ते कारखान्यातल्या नाही, घरातल्या अमोनियाबद्दल. काच पुसायच्या काही द्रावणांत तो असतो, केसांच्या बऱ्याच रंगांत असतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो ना, तोही अमोनियाचाच क्षार.

अमोनिया हा वायू. पाण्यात तो भराभर विरघळतो आणि ते पाणी अल्कधर्मी होतं. म्हणूनच तेलकट, चिकट डाग सुटतात. त्याची खरी जोडी पाण्याशी. बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात द्रावण ओता. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे. एवढं पुरेसं आहे.

काही जण म्हणतात, व्हिनेगर घातलं की दुप्पट चकाकी येते. उलट आहे. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, आणि दोघांचाही उपयोग संपतो. टॉयलेट क्लीनरमध्ये तर बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते तीव्र, म्हणून मिश्रण तापतं आणि पांढरा धूर उठतो.

सगळ्यात वाईट जोडी ब्लीचची. कपड्यांचं पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ब्लीचिंग पावडरही त्याच कुळातली. यांच्यात अमोनिया पडला की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकला थांबत नाही. बंद बाथरूममध्ये जास्त वेळ राहिलं तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र केलं तर क्लोरीन सुटतो. तोही तसाच घातक.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लघवीतल्या युरियापासूनही अमोनिया होतो. वास मारणाऱ्या मुतारीत थेट ब्लीच ओतू नका. आधी भरपूर पाणी मारा, मगच ब्लीच.

हॉस्टेलवाल्यांनो, दिवाळीच्या साफसफाईत एवढं पाळा:

• एका वेळी एकच क्लीनर. दुसरा वापरण्याआधी जागा पाण्याने नीट धुवा.
• लेबल वाचा. अमोनिया किंवा हायपोक्लोराइट दिसलं की दुसरं काही मिसळायचं नाही.
• उरलेलं द्रावण कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. कुणीतरी पाणी समजून पिईल.

तरीही चुकून वायू झालाच तर बादली उचलायला थांबू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, दुसऱ्यांनाही बाहेर काढा. डोळ्यांत गेलं असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. श्वासाला त्रास वाटला तर लगेच १०८ ला फोन करा, आणि काय काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना सरळ सांगा. लाजू नका, कारण उपचार त्यावरच ठरतो.