मिशनरी दांपत्याची दिनचर्या व मराठीतील विश्रांतिवाचक शब्द

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या मराठीविषयक कार्याचा विचार आपल्याकडे बहुधा ग्रंथांच्या अंगाने झालेला आहे. कोश, व्याकरणे, बायबलची भाषांतरे आणि नियतकालिके ही त्या कार्याची दृश्य फळे होत, व त्यांची चर्चा होणे स्वाभाविकच आहे. परंतु हे ग्रंथ ज्या घरांत सिद्ध झाले, त्या घरांतील दिवस कसा उगवत व मावळत असे, काम केव्हा चाले आणि विसावा केव्हा मिळे, या प्रश्नाकडे भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणाच्या तोंडून परकीय माणूस भाषा शिकला, यावर त्याने नोंदविलेल्या भाषेचे स्वरूप अवलंबून असते. तसेच विश्रांतीची जी नवी घडण या लोकांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या द्वारा आपल्याकडे रूढ झाली, तिच्यासाठी मराठीने कोणते शब्द योजले, हेही पाहण्यासारखे आहे.

१

उदाहरणादाखल डॉ. जॉन विल्सन यांचे घर घेता येईल. विल्सन (१८०४–१८७५) व त्यांची पत्नी मार्गारेट ही १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचली. त्या वेळी मुंबई हे खऱ्या अर्थाने बेट होते. शीवचा बांध १८०३ पासून होता खरा, परंतु कुलाब्याचा रस्ता १८३८ त आणि माहीमचा १८४५ त झाला. कोकणाशी व्यवहार तर सर्वस्वी गलबतांतून चाले. याच जलमार्गाने हे दांपत्य मराठी शिकण्यासाठी प्रथम कोकण किनाऱ्यावर, हर्णै-बाणकोटच्या परिसरात गेले. स्कॉटिश मिशनचे काम तेथे १८२३ पासून चालू होते. म्हणजे त्यांच्या मराठीचा पहिला पाठ मुंबईतील मिश्र बोलीचा नव्हे, तर कोकणातला होता, ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

मुंबईस परतल्यावर दोघांच्या दिवसाची वाटणी झाली आणि तीबरोबर त्यांच्या मराठीचीही झाली. पतीचा वेळ शास्त्रीपंडितांच्या सहवासात, प्रवचनांत व वादविवादांत जाई. मोरभट दांडेकर यांच्याशी झालेल्या वादातून १८३२ साली त्यांचे पुस्तक निघाले. ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक ते १८३० पासून चालवीत होते. हिवाळा आला की दख्खन व गुजरातचे दौरे सुरू होत. मार्गारेट यांनी १८२९ च्या अखेरीस मुलींच्या शाळा उघडल्या. त्यांचा दिवस लहान मुली, त्यांच्या आया, शाळांतले पंतोजी आणि घरातले चाकर यांच्यामध्ये जाई. एकाच्या कानी पडे ती संस्कृतप्रचुर, खंडनमंडनाची मराठी. दुसरीच्या कानी पडे ती घरातली, अंगणातली, नित्याच्या व्यवहाराची. या दोहोंपैकी कोशांच्या व निबंधांच्या पानांवर उतरली ती मुख्यतः पहिली. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीस मराठीच्या घटकांविषयीचे टिपण जोडलेले आहे, ते विल्सन यांचे. मार्गारेट यांची ओळख उरली ती त्यांच्या मृत्यूनंतर पतीने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथातून.

हा मृत्यू १८३५ च्या एप्रिलात, म्हणजे लग्नानंतर सातव्या वर्षी, मुंबईच्या ऐन उन्हाळ्यात झाला. मिशनचे वेतन पुरुषाच्या नावे असे व पत्नीचे श्रम त्यातच धरलेले असत. त्यामुळे तिच्या कामास जसे वेगळे मोल नव्हते, तसा विसाव्याचाही वेगळा हक्क नव्हता. १८४६ साली विल्सन यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी विवाह केला. हे दुसरे दांपत्य मुंबईत सुमारे वीस वर्षे एकत्र राहिले. १८६७ साली इझाबेला निवर्तल्या. मलबार टेकडीवरील त्यांचा ‘क्लिफ’ नावाचा बंगला ही या उत्तरायुष्याची खूण होय. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले तेव्हा त्यांचा या घराशी संबंध आला, व आपल्याबरोबरचे दोन आफ्रिकी मुलगे त्यांनी शिक्षणासाठी विल्सन यांच्या शाळेत ठेविले. नवख्या, आजारपणाने जर्जर झालेल्या घरापासून ज्येष्ठ, पाहुण्यांनी गजबजलेल्या घरापर्यंतचा हा प्रवास आहे. परंतु दोन्ही घरांत काम व विश्रांती यांच्यामध्ये स्पष्ट रेषा अशी नव्हतीच. प्रकृतीच्या कारणास्तव १८४३ त विल्सन स्वदेशी निघाले, तेही वाटेत पॅलेस्टाइन पाहून व त्या प्रवासाचा दोन खंडांचा ग्रंथ (१८४७) लिहून.

२

उन्हाळ्यातील खरी सुटका म्हणजे महाबळेश्वर. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास, तेथे आरोग्यस्थान वसविण्यात आले आणि माल्कम पेठ उभी राहिली. मुंबईहून जाणारा माणूस गलबताने बाणकोटच्या खाडीत शिरून महाडपर्यंत जाई व तेथून घाट चढे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील हे ठिकाण एप्रिल-मे महिन्यांत सुखद असले, तरी जूननंतर तेथे सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यामुळे बंगल्यांना झापे बांधून साहेबलोक खाली उतरत. सुटीचा काळ निसर्गानेच आखून दिलेला होता.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आढळतो. अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्हज व त्यांची पत्नी मेरी ही १८१८ साली मुंबईस आली. बेटाची हवा न मानवल्यामुळे ग्रेव्हज डोंगरावर गेले व तेथेच राहून त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम केले. १८४३ साली ते वारले. मेरी ग्रेव्हज मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे महाबळेश्वरीच राहिल्या. इतरांचे विश्रांतिस्थान हे त्यांचे कार्यस्थान झाले. मिशनच्या संपूर्ण मराठी बायबलची छपाई १८४७ त पुरी झाली. त्यातील शब्दयोजनेचा विचार करताना तिचा काही भाग समुद्रकाठच्या छापखान्यापासून दूर, डोंगरावर घडला आहे, हे लक्षात घ्यावयास हवे.

एकाची विश्रांती ही दुसऱ्याच्या श्रमावर उभी असते, हेही महाबळेश्वरी दिसून येते. १८३४ पासून १८६४ पर्यंत तेथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, व साहेबांच्या मेजावरील बटाटे व भाजीपाला हे कैदी पिकवीत. ‘बटाटा’ व ‘तुरुंग’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज प्रभावातून मराठीत आलेले. घरातील ‘आया’, तिचा ‘पगार’, पाणी आणण्याची ‘बादली’, आणि खुद्द घरधन्यास लोक लावीत ते ‘पाद्री’ हे नाव, यांचीही वाट तीच. इंग्रजी बोलणाऱ्या दांपत्याचे मराठी घर अशा रीतीने त्यांच्या आधीच्या पोर्तुगीज शब्दांनी सजलेले होते.

३

आता विश्रांतिवाचक शब्दांकडे वळू. रविवारचा नेमस्त विसावा आणि वार्षिक हवापालट या कल्पना नव्या होत्या, यावरून मराठी समाजास विश्रांतीची कल्पनाच नव्हती असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. वेदाध्ययनात प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी इत्यादी तिथींना ‘अनध्याय’ असे. ही विश्रांती निषेधातून जन्मलेली आहे. त्या दिवशी शिकू नये, म्हणून मोकळीक. ‘सण’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. संस्कृत ‘क्षण’ या शब्दास काळाच्या सूक्ष्म भागाप्रमाणेच अवकाश व उत्सव हेही अर्थ होते. त्यापासून प्राकृतात ‘छण’ आणि मराठीत ‘सण’ झाला. म्हणजे मोकळा वेळ हाच सणाचा मूळ गाभा होय.

प्राकृत छकाराचा मराठीत सकार होणे हे मराठीचे एक ओळखीचे लक्षण आहे. हिंदी ‘छुरी’ ती मराठी ‘सुरी’, हिंदी ‘छह’ ते मराठी ‘सहा’. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात मराठीच्या अशा ध्वनिपरिवर्तनांची पद्धतशीर मांडणी केली आहे. याच न्यायाने हिंदी ‘छूटना’ व मराठी ‘सुटणे’ ही भावंडे ठरतात, आणि ‘छुट्टी’ला मराठीत ‘सुटी’ मिळते. ‘सुट्टी’ असा द्वित्त उच्चार आज सर्रास ऐकू येतो. तो हिंदीच्या सान्निध्याने बळावला असावा. अर्थाच्या दृष्टीने ‘सुटी’ ही बंधनातून मोकळे होणे होय. शाळा सुटते, तशीच गाय दाव्यातून सुटते.

‘रजा’ हा शब्द याहून भिन्न वृत्तीचा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती. रजा ही कोणीतरी द्यावयाची व कोणीतरी घ्यावयाची असते. तिच्यात धनी व चाकर हे नाते गृहीत आहे. म्हणूनच अर्ज रजेचा असतो, सणाचा नसतो. ‘हवा खाणे’ हा प्रयोग फारसी ‘हवाखोरी’च्या वळणाचा, तर ‘हवापालट’ ही इंग्रजी कल्पनेची मराठीतील नवी घडण दिसते. तिचा पूर्वार्ध अरबी व उत्तरार्ध देशी आहे.

या शब्दांची सरमिसळ होत नाही, हे विशेष होय. अनध्याय शास्त्राचा, सण समाजाचा, सुटी शाळेची, रजा धन्याची आणि हवापालट वैद्याच्या सल्ल्याची. मिशनरी दांपत्याच्या जीवनात पुरुषास रजा व हवापालट दोन्ही मिळत. पत्नीस हवापालट मिळे, परंतु रजा नसे, कारण तिचे काम नोकरी म्हणून मांडलेलेच नव्हते. आयेस व भोयांस डोंगरावरही यांपैकी काहीच नसे. त्यांच्या वाट्यास सण तेवढा येई.

पदव्युत्तर अभ्यासकाने मोल्सवर्थ यांचा कोश उघडताना ही पार्श्वभूमी ध्यानी धरावी. सुमारे साठ हजार शब्दांचा तो भव्य संग्रह पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला आहे व त्याचे उपकार कधीही न फिटणारे आहेत. परंतु मुलींच्या शाळेत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जी मराठी दररोज बोलली गेली, तिचे साक्षीदार निराळे आहेत. मिशनऱ्यांच्या पत्नींची पत्रे, चरित्रे व वार्षिक वृत्ते ही या दृष्टीने धर्मप्रसाराची कागदपत्रे म्हणून बाजूस न सारता भाषेची साधने म्हणून तपासणे अवश्य आहे. तसे झाल्यास एकोणिसाव्या शतकातील मराठीचे जे चित्र आज एकाच बाजूने उजळलेले आहे, त्याची दुसरी बाजूही दृष्टीस पडेल.