दोन मलमं तळहातावर कालवू नका

मी तुमची आरोग्यसेविका ताई. आज घरातलीच गोष्ट सांगते.

माझ्या धाकट्या जावेच्या कोपरांवर, गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. लालसर, वर पांढऱ्या खपल्या. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी तिचा तांब्याही वेगळा ठेवला. सोरायसिस एकमेकांना लागत नाही, हे आधी पक्कं करा. निरोगी कातडी साधारण महिन्याभरात नवी होते; सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांचे थर साचतात.

कातडीच्या डॉक्टरांनी तिला ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम दिलं, कॅल्सिपोट्रिऑल. ट्यूब महाग. घरात आधीची एक ट्यूब होती. दोनदा चोळत बसायला वेळ कुणाला? तिनं दोन्ही तळहातावर कालवून लावली. दोन महिने झाले, खपल्या तशाच. "ताई, पैसे पाण्यात गेले बघा," म्हणाली. मी जुन्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात सॅलिसिलिक ॲसिड होतं. ते खपल्या मऊ करतं, पण त्याच्याशी गाठ पडली की कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. चूक तिची नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

या औषधाचा शोधही गमतीचा. १९८५ साली जपानमधल्या ओसाकाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला हाडं ठिसूळ झाली म्हणून ड जीवनसत्त्वाचं औषध दिलं, आणि त्याचा सोरायसिस बरा होऊ लागला. तिथून पुढे मलमं निघाली. म्हणून मनानंच ड च्या गोळ्या खात सुटू नका. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. मलमाचंही तसंच, मोठ्या माणसानं आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर लावायचं नाही.

मग याच्या जोडीला काय चालतं? स्टिरॉइडचं मलम चालतं, आणि चांगलं चालतं. ड चं मलम हळू काम करतं, कधी आग करतं; स्टिरॉइड ती आग शमवतं आणि गुण लवकर येतो. दोन्ही एकत्र असलेली तयार ट्यूबही मिळते. ती कंपनीनंच जमेल अशा रीतीनं बनवलेली असते, आपण घरी कालवणं निराळं. अंगावर ती बहुधा चार आठवडे देतात. पुढे काही डॉक्टर सोमवार ते शुक्रवार ड चं आणि शनिवार-रविवार स्टिरॉइड असा क्रम लावून देतात. नुसतं कडक स्टिरॉइड महिनोन्महिने चोळलं तर कातडी पातळ होते, आणि एकदम सोडलं तर चट्टे उसळून येतात. मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणायची सवय इथं महागात पडते.

मोठ्या दवाखान्यात किरणांचा उपचार चालू असेल, तर मलम किरणं घेऊन झाल्यावर लावायचं. आधी लावलं तर मलमाचा थर किरणं अडवतो.

आजार जास्त असेल तर मलमासोबत मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या देतात. बायांनो, इथं कान देऊन ऐका. सोरायसिसला ही गोळी आठवड्यातून ठरलेल्या वारीच घ्यायची, रोज नाही. रोज घेतली तर जीवावर बेतते. कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा. दिवस गेलेले असतील किंवा मूल हवं असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.

मलम किती घ्यायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, तेवढं दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्याला लावू नका, लावून झाल्यावर हात धुवा.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. माझी जाऊ आता तसंच करते. तिच्या कोपरांवरच्या खपल्या गेल्या आहेत, गुडघ्यांवर थोड्या अजून आहेत.