कायदा, वकील न होणाऱ्यांसाठी (भाग ५) : उलटलेला निकाल

वकिलीच्या अभ्यासात वरच्या न्यायालयाने फिरवलेल्या निकालाला फारशी किंमत नसते. तो आता लागू नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पण इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांच्या जोडीला कायद्याचे दोन-चार पेपर घेणाऱ्या बीएच्या मुलांना आधी असाच निकाल वाचायला द्यावा, असं माझं मत आहे. त्यांना कोर्टात उभं राहायचं नाही. कायदा कसा विचार करतो आणि कुठे अडखळतो, ते बघायचं आहे.

निकालपत्रं वाचून त्यातून नियम शोधायला लावण्याची पद्धत लँगडेल यांनी १८७० नंतर हार्वर्डमध्ये रुजवली, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ती या वर्गात जशीच्या तशी चालत नाही. नियम सापडला की मुलं वही मिटतात.

म्हणून मी रखमाबाईंचा खटला घेते. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला : बायकोला नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला.

वर्गात मी एवढाच निकाल आधी देते, पुढचं सांगत नाही. पिन्हे म्हणतात, असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नाही, तो इंग्लंडमधून आला. आणि तिथेही तो एकत्र राहून वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोसाठी आहे. कधीच न नांदलेल्या, अजाण वयात लग्न लावून दिलेल्या बाईला तो लावता येणार नाही. मुलं खूश. मग १८८६ चा अपिलाचा निकाल वाटायचा. त्यात कोणी खलनायक सापडत नाही. लग्न वैध आहे ना? प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुसलमान दाम्पत्याच्या प्रकरणात असे दावे मान्य केले आहेत ना? मग बायको एकदा नांदली की नाही, याने काय फरक पडतो? ‘मॅम, हे तर बरोबर वाटतंय,’ असं कोणीतरी नाराजीने कबूल करतं. तास खरा इथून सुरू होतो.

अर्थशास्त्राची मुलगी विचारते, पैसा कुणाचा होता? प्रश्न अगदी बरोबर. रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मालमत्ता होती आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर लोभाचे आरोप करत होते. इतिहासवाल्यांना वेगळीच गंमत सापडते. गोरा न्यायाधीश म्हणतो, हा इंग्रजी उपाय तुमचा नाही. आणि सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणणारे टिळकांसारखे लोक दादाजींच्या बाजूला. रखमाबाई स्वतः ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात लिहीत होत्या, ती पत्रं साहित्याच्या मुलांसाठी. कायद्याच्या एका पेपरात हे सगळं बसत नाही, आणि बसवायचा आग्रहही नको.

मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. गंमत म्हणजे ही शिक्षा इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या.

‘म्हणजे तो कायदा संपला,’ असं समजून मुलं दप्तर भरायला लागतात. तेव्हा हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ फळ्यावर लिहायचं. १९५५ चा कायदा, तोच दावा. इंग्लंडने तो १९७० मध्ये काढून टाकला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानलं. म्हणजे वाचायला आणखी एक उलटलेला निकाल. २०१९ मध्ये या कलमाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान दिलं गेलं; याचिका करणारे कायद्याचे विद्यार्थी होते.

पुढच्या आठवड्यात : अशा वर्गाची परीक्षा कशी घ्यायची?