पडद्यावरील दशांश

अमेरिकेत ज्या नेमबाजांना वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरून काडतुसे सिद्ध करण्याची कायद्याने मुभा आहे (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून तो गुन्हा ठरतो), त्यांच्यापैकी पुष्कळांचा असा समज असतो, आणि तो स्वाभाविकही आहे, की दारू आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ग्रेनचा (पौंडाचा ७,००० वा भाग, सुमारे ६४.८ मिलिग्रॅम) दशांश उमटला, म्हणजे वजन तितकेच बिनचूक झाले. वस्तुतः तो शेवटचा अंक म्हणजे यंत्राचे विभेदन (दाखवता येणाऱ्या सूक्ष्मतम फरकाची मर्यादा) होय. अचूकतेचा मामला निराळा. सेकंदकाटा असलेले घड्याळही पाच मिनिटे मागे असू शकते. तोलयंत्रातील भारसंवेदक (भाराने किंचित वाकून विद्युत्संकेत बदलणारा धातूचा भाग) तापमानाच्या फरकाने, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा ढळतो. म्हणून यंत्र काही काळ चालू ठेवून प्रमाणित वजनाने त्याची पडताळणी करणे अत्यावश्यक, कारण जादा दारूने दाब वाढून बंदूक फुटू शकते आणि इजा मनुष्याला होते. शिवाय यंत्र केवळ मागितलेले वजन देते. मुळात किती मागावे, हे दारूच्या उत्पादकाने त्या विशिष्ट दारूसाठी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकावरूनच ठरवावे लागते.