जनुके आणि औषधे : माहितीसंचातले ‘कल्याण’

औषधाला शरीर कसा प्रतिसाद देते हे ठरवणाऱ्या जनुकांचे प्रकार सगळ्या समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. कोणता प्रकार कुठे, किती, याच्या नोंदी ठेवणाऱ्या माहितीसंचांत कल्याणचे नाव कायमचे लागले आहे.

उदाहरणार्थ, व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. जनुकातील बदलामुळे जी६पीडी हे विकर कमी असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. लघवी काळपट होते, कावीळ दिसते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. हा संबंध १९५६ मध्ये अमेरिकेत उलगडला. मुंबईच्या पारशी समाजातील कमतरता १९६१ मध्ये नोंदली गेली. पुढे विकराच्या गुणधर्मांवरून प्रकार वेगळे काढून त्यांना गावांची, प्रदेशांची नावे देण्यात आली. ‘कल्याण’ आणि ‘केरळ’ हे असेच दोन निरनिराळे प्रकार समजले जात. १९९२ मध्ये दोघांत एकच बदल असल्याचे सिद्ध झाले : प्रथिनाच्या साखळीत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. तेव्हापासून ‘केरळ-कल्याण’ हे जोडनाव रूढ आहे. एकच बदल दोन नावांनी मोजला गेला तर सगळी टक्केवारीच चुकते, म्हणून नावांची ही शिस्त माहितीसंचाचा पाया ठरते.

परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या २००४ मधील अभ्यासात, कमतरता असलेल्या भारतीयांपैकी सुमारे ६० टक्क्यांत ‘मेडिटरेनियन’, २४ टक्क्यांत ‘केरळ-कल्याण’ आणि १३ टक्क्यांत ‘ओरिसा’ प्रकार आढळला. ‘ओरिसा’ मुख्यतः आदिवासींमध्ये सापडतो. कमतरतेचे प्रमाणही काही समाजांत शून्य, तर काहींत २७ टक्क्यांपर्यंत आहे. अशा देशाची एकच सरासरी डॉक्टरच्या फारशी उपयोगाची नाही.

जागतिक संचांत मात्र सरासरीच अधिक. स्टॅनफर्डच्या ‘फार्मजीकेबी’ने जगाचे नऊ गट केले, त्यांत मध्य आणि दक्षिण आशिया मिळून एकच. ‘थाउजंड जीनोम्स’ प्रकल्पातील २,५०४ जणांमध्ये दक्षिण आशियाचे पाच गट होते : ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधील तेलुगू आणि श्रीलंकन तमीळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली. एकाही गटाचे नमुने भारतात घेतलेले नव्हते आणि मराठी भाषकांचा गटच नव्हता. ही उणीव मोठी होती. भारतीय जीनोम व्हेरिएशन कन्सॉर्टियमने २००८ मध्ये ५५ समाजांची माहिती दिली. समाजांची नावे झाकून भाषाकुल, दिशा आणि समाजाचा प्रकार सांगणारी सांकेतिक अक्षरे वापरली. खासगीपणासाठी ते योग्यच होते, पण त्यामुळे एखाद्या डॉक्टरला आपल्या भागातला समाज त्यात ओळखता येत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ समाजांतील ९,७७२ जणांचे जीनोम वाचले गेले, ही माहिती जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात संशोधकांसाठी खुली आहे.

पुण्याजवळच्या पिंपळे गुरवसारख्या, कामासाठी ठिकठिकाणांहून आलेल्या कुटुंबांच्या उपनगरात केसपेपरवरच्या पत्त्यावरून जनुकाचा अंदाज बांधता येत नाही. समाजाची टक्केवारी कोणती तपासणी आधी करावी एवढेच सुचवते. प्रायमाक्विनपूर्वी त्या रुग्णाच्या विकराची पातळी मोजावी लागते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत निकाल सहसा स्पष्ट येतो. स्त्रियांत पातळी मध्यम असू शकते आणि नुसती ‘हो-नाही’ सांगणारी चाचणी ती चुकवू शकते. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात नव्या पेशींचा भरणा वाढतो, त्यांत विकर जास्त असते, आणि कमतरता असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.